तीन गोलवाल्याला नॉरिस ट्रॉफी?

"अख्ख्या सीझनमध्ये तीन गोल! आणि ह्याला सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी?" शिऱ्याचा आवाज शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरून थेट नेट्सपर्यंत गेला असणार.

विषय होता रॉड लँगवे, एनएचएल ह्या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधला डिफेन्समन, म्हणजे बचाव करणारा खेळाडू. नंदू ऐंशीच्या दशकात नोकरीसाठी मेरिलँडला होता आणि लँडोव्हरच्या कॅपिटल सेंटरमध्ये जाऊन वॉशिंग्टन कॅपिटल्सच्या मॅचेस बघायचा. आम्हा बाकीच्यांचा आइस हॉकीशी संबंध म्हणजे यूट्यूब आणि नंदू. त्यातला नंदूच जास्त.

"१९८२-८३मध्ये तीन गोल, एकोणतीस असिस्ट," नंदू शांतपणे म्हणाला. "नॉरिस ट्रॉफी. पुढच्या वर्षी नऊ गोल, चोवीस असिस्ट. पुन्हा नॉरिस ट्रॉफी." असिस्ट म्हणजे दुसऱ्याच्या गोलाला दिलेला पास; गोल आणि असिस्ट मिळून पॉइंट.

"आणि त्याच वर्षी एडमंटनच्या पॉल कॉफीचे किती?" शिऱ्या मोबाइल नाचवत होता. "चाळीस गोल, शहाऐंशी असिस्ट. एकशे सव्वीस पॉइंट! तोही डिफेन्समनच ना? ह्याचे तेहतीस, त्याचे एकशे सव्वीस. आणि ट्रॉफी ह्याला? अरे, बँकेत असा हिशेब केला असता तर सस्पेंड झालो असतो मी."

"गडी आला कुठून हा?" अण्णांनी विचारलं. अण्णांना कुठल्याही माणसाचं गाव कळल्याशिवाय पुढचं काही ऐकू येत नाही.

"जन्म तैवानचा. वडील लष्करी नोकरीत. वाढला मॅसॅच्युसेट्समध्ये. १९७९मध्ये माँट्रियलबरोबर स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं अजिंक्यपद, जिंकला, पण तिथे पुढे रॉबिन्सन, सव्हार्ड, लापॉइंट असले डिफेन्समनचे तीन पहाड उभे. शिवाय क्वेबेकचे टॅक्स. वैतागून त्यानेच सांगितलं, मला दुसरीकडे पाठवा."

तेव्हाची वॉशिंग्टनची दशा नंदूकडूनच ऐकावी. १९७४-७५च्या पहिल्या सीझनमध्ये आठ विजय, सदुसष्ट पराभव. आठ वर्षांत एकदाही प्लेऑफ नाही. १९८२च्या उन्हाळ्यात मालक एब पोलिन वैतागून टीम हलवायच्या गोष्टी करायला लागले होते. टीम वाचवा म्हणून लोकांना तिकिटं घ्यायला लावावी लागली. अशात सप्टेंबरमध्ये नवा मॅनेजर डेव्हिड पॉइल ह्याने रायन वॉल्टर आणि रिक ग्रीन हे दोघे माँट्रियलला देऊन लँगवेसकट चौघांना आणलं. त्याच सीझनला टीम प्लेऑफमध्ये. आदल्या वर्षी ३३८ गोल खाल्ले होते, ते २८३वर आले, आणि १९८३-८४मध्ये २२६. लीगमध्ये सर्वांत कमी.

"आता सांग, हे एकशेबारा गोल कुणाच्या खात्यात टाकायचे?" नंदू.

"गोलींच्या, म्हणजे गोलकीपरांच्या! जेन्सन आणि रिगिन. कमीत कमी गोल खाल्ल्याबद्दलची जेनिंग्ज ट्रॉफी त्यांनाच मिळाली ना त्या वर्षी?" शिऱ्याने तयारी करून ठेवली होती. "आणि त्याच सौद्यात आलेला डग जार्व्हिस? त्याला बचाव करणाऱ्या फॉरवर्डची सेल्की ट्रॉफी. कोच ब्रायन मरेला सर्वोत्तम कोचचं बक्षीस. एवढे सगळे बचाव करत होते, तर लँगवे नेमकं काय करत होता?"

ह्या प्रश्नाला नंदूकडे जरा वेळ उत्तर नव्हतं. मग त्याने अण्णांच्या हातातली छत्री काढून घेतली.

"ऊठ. तू फॉरवर्ड. ते बूच म्हणजे पक, हॉकीतली रबरी चकती. ये माझ्यावर."

शिऱ्या पाण्याच्या बाटलीचं बूच पायाने ढकलत आला. नंदू छत्री एका हातात पुढे धरून मागे मागे सरकायला लागला. छत्रीचं टोक सतत मधल्या वाटेवर. शिऱ्याने डावीकडे हूल दिली, नंदू ढिम्म.

"बुचाकडे बघायचंच नाही," तो म्हणाला. "काठी फसवते, पाय फसवतात. छातीकडे बघ. छाती जिकडे, माणूस तिकडे." बोलता बोलता त्याने शिऱ्याला कट्ट्याच्या भिंतीकडे सरकवत नेलं. शेवटी शिऱ्याला भिंत लागली, बूच पायात अडकलं आणि भेळवाल्याने टोपली उचलून बाजूला घेतली. "आता मार शॉट. मारशील, पण कुठून? कोपऱ्यातून. तो गोली झोपेत अडवेल. स्कोअरशीटवर लिहिणार, गोलीने अडवला. मी काय केलं, ते कुठेच नाही!"

लँगवे सहा फूट तीन इंच. आणि डोक्यावर हेल्मेट नाही! लीगने १९७९मध्ये हेल्मेट सक्तीचं केलं, पण आधी करार केलेल्यांना सूट होती. ती ह्या गड्याने १९९३मध्ये लीग सोडेपर्यंत वापरली. क्लिपमध्ये उडणाऱ्या केसांवरून तो लगेच सापडतो. पकासमोर आडवं पडणाऱ्या माणसाने हेल्मेट घालू नये, ह्याला शौर्य म्हणायचं की मूर्खपणा, ह्यावर आमची दहा मिनिटं गेली. मी मूर्खपणाच्या बाजूचा.

"म्हणजे आपला एकनाथ सोलकर," अण्णा म्हणाले. "विकेट बेदीच्या नावावर, जीव धोक्यात ह्याचा. शॉर्ट लेगला, तेही हेल्मेटशिवाय."

"अण्णा, सोलकरचे त्रेपन्न कॅच लिहिलेत की वहीत! सत्तावीस टेस्टमध्ये त्रेपन्न," शिऱ्या उसळला. "तुम्ही नंदूची केस बिघडवताय. ह्याचं तर म्हणणं, वहीत काहीच नसलं तरी बक्षीस द्या."

अण्णा गप्प. पॉइंट शिऱ्याचा.

पण शिऱ्याची बाजूही पूर्ण धड नव्हती. नॉरिस ट्रॉफी सर्वाधिक पॉइंटवाल्याला नसते, पोझिशनवरच्या सर्वांगीण खेळाला असते, आणि हॉकी कव्हर करणारे पत्रकार मतं देतात. त्याच पत्रकारांनी १९८४मध्ये सर्वांत मोलाच्या खेळाडूच्या हार्ट ट्रॉफीसाठी लँगवेला दुसऱ्या नंबरवर ठेवलं होतं. पहिला अर्थात एडमंटनचा ग्रेट्स्की. दोनशे पाच पॉइंटवाल्यापुढे कोण जाणार? म्हणजे जे रात्र-रात्र रिंकवर बसत होते त्यांना काहीतरी दिसत होतंच. सगळेच काही बावळट नव्हते.

"दिसत होतं तर प्लेऑफमध्ये का नाही दिसलं?" शिऱ्या. "८५मध्ये न्यूयॉर्क आयलँडर्सवर मालिकेत दोन-शून्य पुढे, हरले. ८७मध्ये तीन-एक पुढे, हरले. सातवी मॅच चौथ्या ओव्हरटाइममध्ये घालवली, आयलँडर्सच्या लाफाँटेनने मारला गोल. आणि ज्यांना देऊन लँगवेला घेतलं ते ग्रीन आणि वॉल्टर? ८६मध्ये माँट्रियलकडून स्टॅन्ली कप! सौद्यात फसलं कोण मग?"

नंदू चिडला. "फसलं कोणीच नाही. त्यांना कप मिळाला, आम्हाला टीम मिळाली. ८३पासून सलग चौदा वर्षं प्लेऑफ. तो आला नसता तर टीम गावातून गेली असती, कप कुठे ठेवला असता, माझ्या घरी?"

'आम्हाला' म्हणतो अजून. परत येऊन तीस वर्षं झाली असतील.

मध्येच शिऱ्याला मोबाइलवर एक गंमत सापडली. १९७४-७५मध्ये वॉशिंग्टनने खाल्लेले गोल ४४६, आणि १९८३-८४मध्ये कॉफीच्या एडमंटनने मारलेले गोलही बरोबर ४४६. ह्यातून काय सिद्ध होतं ते त्यालाही सांगता येईना, पण आकडा तिघांनीही आपापल्या बाजूने वापरून घेतला.

माझं मत मी शेवटी दिलं आणि दोघांच्याही शिव्या खाल्ल्या. १९८३ची ट्रॉफी लँगवेचीच. आठ वर्षं बुडालेली टीम वर आली, त्यात त्याचा वाटा सगळ्यांत मोठा. पण १९८४ची कॉफीला जायला हवी होती. तोवर वॉशिंग्टनचा बचाव एका माणसाचा राहिला नव्हता; शिऱ्याने मोजलेली बक्षिसंच ते सांगतात. आणि डिफेन्समनने चाळीस गोल मारले म्हणजे पक बहुतेक वेळ समोरच्यांच्या हद्दीत होता, हाही बचावच झाला की.

"कॉफीचा बचाव!" नंदू अक्षरशः उभा राहिला. "अरे, तो पुढे पळायचा तेव्हा मागे कोण उभं असायचं, ते विचार ना!"

"मग ८५मध्ये त्यालाच का दिली ट्रॉफी?" शिऱ्या. "एकशे एकवीस पॉइंट. पत्रकारांनी चूक सुधारली."

"चूक नाही सुधारली, कंटाळले," नंदू म्हणाला. "त्यानंतर आजतागायत इतक्या कमी पॉइंटवर कुणालाच दिलेली नाही. बघ मोबाइलमध्ये."

शिऱ्याने बघितलं. नव्हतीच दिली.

"आणि हेही बघ," नंदू छत्री अण्णांना परत देत म्हणाला, "१९९०. न्यूयॉर्क रेंजर्सविरुद्ध प्लेऑफची चौथी मॅच, ओव्हरटाइम. गोल कोणी मारला?"

शिऱ्याने शोधलं, वाचलं आणि मोबाइल खिशात टाकला. "एका गोलाने काय होतंय," म्हणाला.