वॉटनची जोगीण आणि जेजुरीच्या मुरळ्या

इथे इंग्लंडात, यॉर्कशायरमध्ये पुस्तकांच्या दुकानात मध्ययुगीन मठांवरच्या भयकादंबऱ्या हमखास दिसतात. तळघर, मेणबत्त्या, कोंडलेली वासना आणि शेवटी सैतान. त्यांच्यावर कुणी मोर्चा काढत नाही. आपल्याकडे देवधर्म आणि शरीर एका कथेत आले की कुणाच्या भावना दुखावल्या, एवढ्यावरच भांडण पेटतं. पुण्यातले मित्र म्हणतात, तुमच्याकडे बरं, वाटेल ते लिहिता येतं. येतं खरं. पण लिहितात काय?

बेव्हर्लीच्या उत्तरेला वॉटन नावाचं खेडं आहे. बाराव्या शतकात तिथे गिल्बर्टाइन या ख्रिस्ती पंथाचा मठ होता. जोगिणी, म्हणजे नन, आणि पुरुष एकाच आवारात, मधे भिंत. यॉर्कचे आर्चबिशप हेन्री मर्डॅक यांच्या शब्दावरून चारेक वर्षांची एक मुलगी या मठात घेतली गेली. मोठी झाली तरी तिचं मन तिथे रमलं नाही. मठातल्याच एका तरुणावर ते जडलं आणि तिला दिवस गेले. जोगिणींनी तिला मारलं, बेड्या घालून कोठडीत टाकलं. मग त्या तरुणाला धरून आणवलं आणि तिच्याच हातांनी त्याचं पुरुषत्व कापायला लावलं.

हे कादंबरीकाराच्या डोक्यातून आलेलं नाही. रीव्हो मठाचे प्रमुख एल्रेड यांनी ते लिहून ठेवलंय, तेही चमत्काराची कथा म्हणून: वारलेले मर्डॅक रात्री तिला दिसले, मूल घेऊन गेले, पुढे बेड्याही गळून पडल्या. त्या जोगिणींविषयी एल्रेड म्हणतात, कृत्याची नाही, पण त्यामागच्या आवेशाची मी स्तुती करतो. मुलीचं नाव ते देत नाहीत.

मला कुठल्याही सैतानापेक्षा या स्तुतीची भीती वाटते. इथल्या बऱ्याच कादंबऱ्या वासनेलाच राक्षस करतात, म्हणजे नकळत शिक्षा करणाऱ्यांच्याच बाजूला जाऊन बसतात. भय सुरू होतं ते चौथ्या वर्षी, न विचारता सोपवलेल्या पोरीपासून.

आणि हे आपल्याला परकं नाही. नवस फेडायला खंडोबाला वाहिलेल्या मुरळ्या आपल्याच. देवाशी लग्न लागलं की माणसाशी लग्नाची वाट बंद, आणि त्या देहावर हक्क सांगणारे मात्र बरेच. विठ्ठल रामजी शिंदे या प्रथेविरुद्ध झटले, मुंबई इलाख्यात 1934 साली देवदासींसाठी कायदा झाला, महाराष्ट्राने 2005 मध्ये पुन्हा केला. एकाच गोष्टीसाठी दोनदा कायदा करावा लागला, यावरून ती किती खोल रुतली होती ते कळावं.

म्हणून मला मराठीत अशी भयकादंबरी हवी आहे. ती युरोपातल्या मठात नको, जेजुरीच्या पायऱ्यांवर घडू दे. भूत नसलं तरी चालेल. पोटातल्या लेकरावर नवस बोलणारी माणसं प्रेमळ, भाविक, अगदी आपल्या घरातली असू देत, आणि भंडारा उधळला जात असताना त्या पोरीला काय कळत होतं, ते लेखकाने न घाबरता लिहावं. भावना दुखावतील. दुखावू देत.