ल्योंचा दाखला देताय, तर पुरता द्या

पुण्यात पेठेतला वाडा पडला की मोबाइलवर तेच वाक्य फिरतं: 'फ्रान्समध्ये बघा वारसा कसा जपतात! आपल्या लोकांना कदरच नाही.' सोबत फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या जुन्या वस्तीतल्या, म्हणजे जुन्या ल्योंतल्या, गुलाबी मनोऱ्याचा फोटो.

कदर? 1957 ते 1976 महापौर असलेले लुई प्रादेल याच वस्तीतून मोटाररस्ता काढायला निघाले होते. काँक्रीटचा सोस इतका की लोक त्यांना 'झिझी बेतों' म्हणत (बेतों म्हणजे काँक्रीट). 1946 पासून स्थानिक संघटना भांडत होती, पण गल्ल्या वाचल्या त्या संस्कृतिमंत्री आंद्रे मालरो यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 4 ऑगस्ट 1962च्या कायद्यामुळे. 1964 साली देशातलं पहिलं संरक्षित क्षेत्र इथेच झालं. सुट्या इमारतीला नव्हे, अख्ख्या वस्तीला संरक्षण.

मागाहून करसवलतही आली. आज मंजूर आराखड्यातल्या इमारतीची पुरती दुरुस्ती करून घर नऊ वर्षं भाड्याने दिलं, तर खर्चाच्या 30 टक्के रक्कम प्राप्तिकरातून सुटते. खर्चाची मर्यादा चार वर्षांत 4 लाख युरो. बदल्यात खिडकी बदलायलाही सरकारी वास्तुविशारदाचा होकार लागतो. जुन्या भिंतीला गिलावा चुन्याचा हवा. सिमेंट ओल आत कोंडतं, मग दगडाचे पापुद्रे सुटतात. आपल्याकडे वाड्याच्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापतात, आणि आतलं सागवान कुजलं की 'वाडा जुनाच होता' म्हणतात.

जुन्या ल्योंतले त्राबूल, म्हणजे घरांच्या पोटातून जाणारे बोळ. 54, र्यू सँ-जाँला शिरलात की 27, र्यू द्यू बफला निघता. मालकी खाजगी. तरी दिवसा दार उघडं राहतं, कारण सफाई आणि दिवाबत्तीच्या खर्चात पालिका वाटा उचलते. सिंडिकच्या, म्हणजे समाईक इमारतीचा कारभार पाहणाऱ्याच्या, बैठकीत वारशावर भाषणं होत नाहीत, वीजबिलावर होतात.

पुण्यात शनिवारवाड्यापासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी, पुढच्या 200 मीटरांत परवानगी घ्यावी लागते. बाकी वाडेमालकाच्या हाती वर्षानुवर्षं गोठलेलं भाडं. त्याला कदर शिकवणाऱ्यांनी आधी छपराच्या कौलांचा हिशेब विचारावा.

आणि इथे ल्योंतही सगळं जपलं असं नाही. दुरुस्ती झाली तसे जुन्या ल्योंतले गरीब भाडेकरू पांगले. क्र्वा-रूस या ल्योंतल्याच टेकडीवरच्या रेशीम विणकरांच्या घरांची छतं जवळजवळ 4 मीटर उंच, कारण झाकारचा (आपण ज्याला जकार्ड म्हणतो) 1804चा माग तेवढा उंच. त्या घरांत आता माग नाहीत, पोटमाळे आहेत. माग बघायचा तर तिकीट काढा. तीच जकार्ड येवल्यात पैठणीच्या मागावर पोटापाण्यासाठी खटखटते आहे. तिचा फोटो कुणी फिरवत नाही.

हे सांगायला ल्योंत बसून काय जातं, असं कुणी म्हणेल. म्हणा. पेठेत हल्ली नळाला पाणी किती वाजता येतं, तेही मला ठाऊक नाही.