साडेआठ हजार गेले, थरथर तशीच: मुलुंडच्या वाचकांना उत्तर

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि खरं सांगायचं तर आधी राग आला. मग पुन्हा वाचली, तेव्हा निम्मा राग स्वतःवरच वळला. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी मथितार्थ असा: गाडी का थरथरते यावरचा माझा लेख वाचून या मुलुंडच्या वाचकांनी चारही प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारे) आणि चारही कॉइल (प्लगला वीज देणारे) बदलले, साडेआठ हजार घातले, गाडी आजही पिकअप घेताना थरथरते. "अर्धवट ज्ञान वाटू नका, लोकांना मेकॅनिककडे जाऊ द्या. आणि तपासायला ऐंशीचा वेग मुंबईत मिळतो कुठे?"

चूक आधी कबूल करतो. "दहापैकी आठ वेळा प्लग किंवा कॉइल" असं मी लिहिलं होतं. हे आठ मी कुठे मोजले? कुठेच नाही. माझी गाडी सीएनजीवर मिसिंग करायची, म्हणजे एखाद्या सिलिंडरात इंधन नीट पेटायचं नाही, पेट्रोलवर टाकली की शहाण्यासारखी चालायची. सीएनजी पेटवायला ठिणगी जास्त जोरकस लागते, म्हणून दमलेले प्लग आधी तिथे उघडे पडतात. प्लग बदलले, काम झालं, आणि एका गाडीवरून मी नियम ठोकून दिला.

पण मेकॅनिककडे जाण्याबद्दल म्हणाल, तर ते चार कॉइल बसवले कुणी? मेकॅनिकनेच ना? आणि इंजिनातला दोष कोडमध्ये दाखवणारा स्कॅनर न लावता? सगळी गाडी हलावी इतकं मिसिंग असेल तर इंजिनचा दिवा बहुधा लागतोच, जोरात असेल तर लुकलुकतो. (लुकलुकत असेल तर गाडी दामटू नये, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं, आणि त्याचा खर्च कॉइलपेक्षा कितीतरी मोठा.) स्कॅनरवर पी ०३०३ आलं तर तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये गडबड. तिथला कॉइल काढून एक नंबरवर बसवायचा, एक नंबरचा तीनवर. कोड पुसून फेरी मारायची. आता पी ०३०१ आलं तर कॉइल गेला. ०३०३ च राहिलं तर प्लग, इंधन फवारणारा इंजेक्टर बघायचे. दहा मिनिटांचं काम, सुटा भाग एकही विकत न घेता. हे मी लेखात लिहायला हवं होतं, ते राहिलं. तुमच्या साडेआठ हजारांतला माझा वाटा तेवढा.

तुमच्या गाडीचा दिवा तर एकदाही लागलेला नाही. शिवाय तुम्ही रागाच्या भरात एक वाक्य लिहून गेलात, ते मी तीनदा वाचलं: "४० ते ६० मध्ये पाय दाबला की सीटसकट डावं-उजवं होतं, पाय काढला की शांत, आणि घरचे पाच जण बसले की जास्तच." अहो, हे प्लगचं बोलणंच नाही. हा मला एक्सलचा, म्हणजे इंजिनचा जोर चाकाकडे नेणाऱ्या दांड्याचा, आतला जॉइंट वाटतो, गिअरबॉक्सच्या बाजूचा.

त्या जॉइंटमध्ये एका वाटीत तीन रोलर असतात. त्यावरचा रबरी बूट, म्हणजे आवरण, फाटला की ग्रीस उडून जातं, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की चिखल आत शिरतो, आणि वाटीच्या खाचा झिजतात. पाय दाबला की जोर येतो, रोलर त्या झिजलेल्या जागी अडतो-सुटतो आणि गाडी कुल्ले हलवते. पाय काढला, जोर गेला, थरथर गेली. पाच माणसं बसली की गाडी दबते, जॉइंटचा कोन बदलतो, ताणही वाढतो. बाहेरचा, चाकाकडचा जॉइंट गेला असता तर पूर्ण स्टेअरिंग कापून वळताना कटकट आवाज आला असता. चाकांचं बॅलन्सिंग बिघडलं असतं तर पाय काढल्यावरही स्टेअरिंग थरथरत राहिलं असतं. आणि क्लच असता तर गाडी जागेवरून उचलतानाच झटके दिले असते.

ऐंशीबद्दल तुमचं बरोबर. पण तुमचा दोष चाळीस-साठलाच दिसतोय. पहाटे ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर पन्नासला एकदा तिसऱ्या गिअरवर, एकदा चौथ्यावर पाय दाबा. गिअरप्रमाणे इंजिनचे फेरे बदलतात, चाकांचे नाही. दोन्ही वेळा हेलकाव्याचा ठेका तोच राहिला तर दोष एक्सल-चाकांच्या बाजूला. गिअरबरोबर ठेका बदलला, तर इंजिन नाहीतर माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं ते रबरी आधार. माउंटिंग बघायला बॉनेट उघडून कुणालातरी ब्रेक दाबून थोडा क्लच सोडायला सांगा, पुढे आणि रिव्हर्समध्ये. इंजिन उडी मारल्यासारखं उचललं तर माउंटिंग गेलंय. तुम्ही बाजूला उभे राहा, गाडीसमोर नको. सोसायटीच्या पार्किंगमध्ये करणार असाल तर सेक्रेटरींची दुपारची झोप सांभाळून.

मग गाडी रॅम्पवर चढवून आतले दोन्ही बूट बघायला सांगा. फाटलेला असेल तर आसपास काळं ग्रीस उडालेलं दिसेल. बूट धड असला तरी एक्सल हाताने हलवून किती खेळ आहे ते बघायला लावाच. काही गाड्यांना आतला जॉइंट सुटा मिळतो, काहींना अख्खा एक्सल घ्यावा लागतो, आधी विचारा. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुना एक्सल स्वस्तात मिळेलही, मी घेणार नाही. दुसऱ्याची झीज पैसे देऊन आपल्या गाडीत कशाला?

जुने चार कॉइल भंगारात दिले नसतील तर परत मागून घ्या. बहुतेक चांगलेच असतील, डिकीत पडू द्या. आणि कुठल्या बाजूचं ग्रीस उडालंय ते इथेच कळवा. दोन्ही बूट कोरडे आणि जॉइंट घट्ट निघाले, तर मी पुन्हा चुकलो असं बिनदिक्कत लिहा.