ई-स्पोर्ट्सवर पैसे लावण्यापूर्वी मामाचे खाते विचारून ठेवा

गेल्या महिन्याभरात मला सक्तीने प्राप्त झालेले ज्ञान स्वतःपुरते ठेवणे हा स्वार्थ ठरेल, म्हणून ई-स्पोर्ट्सच्या, म्हणजे व्हिडिओ गेमच्या, आंतरराष्ट्रीय स्पर्धांवर पैसे लावू इच्छिणाऱ्या नागपूरकर तरुणांसाठी या काही सूचना लिहीत आहे. या विद्येत माझा भाचा माझा गुरू आहे. तो २३ वर्षांचा आहे, प्रतापनगरात राहतो आणि सप्टेंबर २०२५मध्ये हॅम्बुर्गला झालेल्या डोटा २ या गेमच्या 'दि इंटरनॅशनल' या स्पर्धेतल्या सोळाही संघांची नावे त्याला तोंडपाठ आहेत; त्याच पंधरवड्यात येणारी आजोबांची तिथी मात्र त्याला दर वर्षी फोन करून सांगावी लागते.

पहिली सूचना अशी की, याला सट्टा म्हणू नये. लगवाडी, खायवाडी, बुकी हे सगळे शब्द क्रिकेटवाल्यांचे आहेत, आणि नागपूरच्या एका व्यापाऱ्याचे ५८ कोटी रुपये गोंदियाच्या बुकीमार्फत ऑनलाइन जुगारात गेल्याचे प्रकरण जुलै २०२३मध्ये गाजल्यापासून घरातली वडीलधारी मंडळी या शब्दांना फार दचकतात. आपण 'ॲनालिसिस' म्हणावे. आईला त्यातला फरक कळत नाही, आणि तो तिला कळू देऊही नये.

कायद्याचा अभ्यास जरूर करावा, पण अर्धाच. ऑनलाइन गेमिंगच्या ज्या नव्या कायद्यावर २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मोहोर उमटली, त्याने ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली आहे, एवढे एकच वाक्य पाठ करून ठेवावे. त्याच कायद्यात पैशांचे खेळ खेळवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, तर त्यांची जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड सांगितला आहे, ते पान न वाचता उलटावे. नुसते खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही, ही बाब भाच्याने मला तीनदा ऐकवली. ''माझ्यावर काहीच येत नाही ना मामा!'' त्याच्यावर खरोखरच काही आले नाही.

खेळ कसा खेळतात ते समजून घेण्याची घाई करू नये.

भावांच्या बाबतीत गणित कटाक्षाने टाळावे. दोन तुल्यबळ संघांचा भाव १.८५ आणि १.८५ असा असेल, म्हणजे जिंकल्यास रुपयामागे १.८५ परत, तर दोन्हीकडे शंभर-शंभर लावून पाहणाऱ्याचे २०० रुपये जातात आणि कोणीही जिंकले तरी १८५च परत येतात. म्हणजे पंधरा रुपये खेळ सुरू होण्यापूर्वीच दुकानदाराच्या गल्ल्यात पडलेले असतात. असला हिशोब इतवारीतला कोणताही धान्यवाला पेन न उचलता करील, पण आपण पडलो इंजिनियर. खेळ चालू असताना पैसे लावणे तर याहून श्रेष्ठ. मोबाइलवर आपल्याला दिसणारे प्रक्षेपण मुद्दाम काही मिनिटे उशिरा दाखवलेले असते, कारण एका संघाची चाल प्रक्षेपणातून दुसऱ्याला कळता कामा नये. भाव ठरवणाऱ्यांना मात्र खेळातली आकडेवारी थेट विकत मिळते. आपण गादीवर उभे राहून ''आता पलटते बघ!'' असे ओरडतो, तेव्हा तिकडे जे पलटायचे ते पलटून, मंडळींचा चहा घेऊन झालेला असतो. हॅम्बुर्गच्या अंतिम सामन्यात टीम फाल्कन्स आणि एक्स्ट्रीम गेमिंग २-२ असे बरोबरीत आले, तेव्हा माझ्या गुरूंनी उरलेले १८,००० रुपये एक्स्ट्रीमवर लावले. पाचवा आणि निर्णायक डाव फाल्कन्सने घेतला.

खेळाडूंच्या सचोटीविषयी मनात शंका आणू नये. २०१३मध्ये डोटाच्याच एका रशियन खेळाडूने स्वतःच्या संघाविरुद्ध १०० डॉलर लावले होते, भाव ३.२२ होता, आणि आजही त्या खेळात कोणी हास्यास्पद चूक केली की प्रेक्षक काहीही न बोलता नुसता '३२२' हा आकडा लिहितात. २०१४मध्ये आयबायपॉवर या अमेरिकी संघाने काउंटर-स्ट्राइक या बंदुकबाजीच्या गेमचा सामना ठरवून घालवला आणि त्या बदल्यात खेळातल्या बंदुकांवर चढवायच्या महागड्या स्किन्स, म्हणजे नक्षीदार आवरणे, पदरात पाडून घेतल्या. आपणही मागे नाही. २०१८मध्ये शांघायच्या स्पर्धेत ऑप्टिक इंडियाच्या खेळाडूच्या संगणकावर नेम आपोआप साधून देणारा प्रोग्राम सापडला, आणि त्या फाइलीला त्याने 'वर्ड' असे सात्त्विक नाव दिले होते. अर्ज लिहीत असेल बिचारा.

आता मुख्य सूचना, जिच्यासाठी हा लेखनप्रपंच आहे. जिंकलेले पैसे स्वतःच्या खात्यात कधीही घेऊ नयेत. त्यासाठी मामा असतो.

स्पर्धेच्या सुरुवातीच्या फेऱ्या चालू असताना भाचा घरी आला. मी पेपर तपासत होतो. ''मामा, माझी यूपीआयची लिमिट संपली. मित्राकडून २,६०० येऊन राहिले, तुमच्या नंबरवर घेतो, मला कॅश द्या.'' मी मान न उचलता हो म्हणालो. १,३०० रुपयांच्या दोन रकमा आल्या, एक कुठल्याशा 'ट्रेडर्स'कडून आणि दुसरी एका अनोळखी बाईंच्या नावाने. मित्राचे नाव ट्रेडर्स कसे, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी त्याला रोख २,६०० दिले आणि वर तर्री-पोहे खाऊ घातले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी गोकुळपेठेच्या बाजारात एक किलो झेंडू आणि सांबाराच्या दोन जुड्या घेतल्या, १६० रुपये झाले, क्यूआरसमोर मोबाइल धरला आणि व्यवहार अयशस्वी झाला. दुसऱ्यांदा झाला. तिसऱ्यांदा फुलवाल्या बाईंनीच ''राहू द्या सर, नेटवर्क नसेल, उद्या द्या'' असे म्हणून मला रांगेतून सोडवले. नेटवर्क उत्तम होते. खाते गोठवलेले होते.

बँकेतल्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवून समजावले, ते असे. दुसऱ्या एका राज्यात कोणाची तरी घरबसल्या नोकरीच्या नावाखाली फसवणूक झाली. त्याने सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर तक्रार केली. त्याचे पैसे या खात्यातून त्या खात्यात फिरत गेले होते, आणि ज्या भाड्याच्या खात्यांतून ते फिरले, त्यांपैकीच एकातून सट्ट्याच्या ॲपवाल्यांनी 'जिंकलेल्यांचे' पैसे चुकते केले होते. पोलीस साखळी धरत धरत माझ्यापर्यंत आले. ''त्या ट्रेडर्सला तुम्ही काय विकलं होतं सर?'' मॅडमनी अगदी सभ्यपणे विचारले. एकतीस वर्षे मी रसायनशास्त्र शिकवतो आहे. मी आजवर कोणाला जुनी रद्दीसुद्धा विकलेली नाही.

वादातली रक्कम १,३०० रुपये, आणि बंद अख्खे खाते! पगार जमा होतो, निघत नाही. घराचा हप्ता परतला, त्याचे ५९० रुपये दंडापोटी त्याच खात्यातून वळते झाले. म्हणजे बँकेला माझे पैसे काढता येतात, मला येत नाहीत. शाखा म्हणते, आदेश वरून आला आहे, त्या राज्याच्या सायबर ठाण्याशी बोला. त्या ठाण्याचा फोन वाजून वाजून बंद होतो. आधार, पॅन, सहा महिन्यांचे विवरण आणि प्रतिज्ञापत्र मी चार वेळा ई-मेलने पाठवले आहे, आणि चारही वेळा उत्तरादाखल काहीही आलेले नाही. किराणा सध्या बायकोच्या पैशांवर चालू आहे आणि ती एक शब्दही बोलत नाही, हे जास्त जड जाते.

आणि तुम्ही मला हे 'ॲनालिसिस' आहे म्हणून सांगता? तुम्ही हरता तेव्हा आईबापांचे जातात आणि तुम्ही जिंकता तेव्हा ते कोणाचे तरी लुबाडलेले असतात, एवढी साधी गोष्ट इतक्या शिकलेल्या पोरांना दिसू नये? तो नोकरीच्या आशेने फसलेला माणूस कदाचित तुमच्याच वयाचा असेल. त्याच्या पैशांतून तुम्ही पार्टी केलीत, आणि ती माझ्या खिशातून केलीत. खेळ आवडतो तर खेळा, रात्रभर जागून पाहा, कोणी अडवलेले नाही. पण पैसे कुठून येतात ते विचारायचे नाही, कुठे जातात ते मोजायचे नाही, आणि निस्तरायची वेळ आली की मोबाइल सायलेंटवर टाकायचा, ही कसली अक्कल?

परवा रात्री भाच्याचा फोन आला. चौकशी केली, आवाज पडलेला होता, मला क्षणभर वाईटही वाटले. मग म्हणाला, ''मामा, मामीचं खातं चालू आहे ना?''

चालू आहे, आणि ते चालूच राहील. तू सोमवारी सकाळी साडेदहाला त्या ॲपवरचे सगळे व्यवहार छापून, आधार कार्ड घेऊन बँकेत यायचे आहेस, आणि त्या ट्रेडर्सला आपण काय विकले होते, ते मॅडमना तूच सांगायचे आहेस.