एक वाडगा, तीन मशिनं

लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवून कोरायच्या यंत्रावर, वाडगा उतरवायला मला दोन तास लागले. घासायला तीन महिने.

लाकूड आंब्याचं. बाहेरून छान उतरलं, पण आत समोरासमोरच्या दोन जागी तंतू असे उपटले होते, की हात फिरवला तर दाढी वाढलेल्या मामाचा गाल आठवावा. 80 नंबरचा पॉलिश पेपर बोटावर घेऊन फिरत्या वाडग्यात घातला. पाच मिनिटांनी लाकूड होतं तसंच. बोट मात्र गुळगुळीत.

मग मुंबईतला हत्यारांचा बाजार, नागदेवी गाठली. ‘‘काका, बजेट?’’ मी दीड हजार म्हणालो. दुकानदाराने कीव आल्यासारखा अँगल ग्राइंडर काढला. ‘‘चकती लावा, काम झालं.’’ मिनिटाला 11,000 फेरे, हे घरी आल्यावर खोक्यावर वाचलं. टेकवल्याक्षणी धूर निघाला आणि आत काळी चंद्रकोर उमटली.

‘‘यात फोडणी केलीत का?’’ सौ.

‘‘डिझाइन आहे.’’

दुसऱ्या खेपेला ऑर्बिटल सँडर, म्हणजे थरथरत घासणारं हातमशीन, आणला. तळवा 125 मिलिमीटर, वाडग्याचं तोंड 150. आत गेला, पण वळेचना. सपाट तळवा गोल पोटाला टेकणार कसा? हा प्रश्न पैसे दिल्यावरच का सुचतो, कोण जाणे.

शेवटी दाराची बिजागरी बसवायला आलेले मिस्त्री म्हणाले, ‘‘साहेब, घरात ड्रिल नाही का?’’

होतं! पडद्याचे रॉड लावायला घेतलेलं, बारा वर्षांत चार भोकं पाडलेलं. त्याला दोन इंचांचा फोमचा वेल्क्रो पॅड लावला आणि पॉलिश पेपरच्या 120, 180, 240, 320 नंबरच्या चकत्या आणल्या; नंबर मोठा, तितकी चकती बारीक. सगळं मिळून तीनशेच्या आत. लेथ सावकाश ठेवायचं, चकतीची एकच कड टेकवायची आणि ती वाडग्याच्या उलट दिशेने धावली पाहिजे. मधला नंबर गाळायचा नाही. मी 180 आणि 240 गाळले. तेल लावल्यावर 120चे सगळे ओरखडे झळकले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यात ड्रिलही भुसा ओढतं, मास्क न लावलेला मीही. दोघे आठवडाभर खोकत होतो.

वाडगा झाला. सौ.नी बोट फिरवलं, चंद्रकोरीपाशी थांबल्या, काही बोलल्या नाहीत. आता त्यात ड्रिलच्या चकची, म्हणजे पातं पकडणाऱ्या तोंडाची, चावी असते. बारा वर्षांत पहिल्यांदाच ती शोधावी लागत नाही.