'नीटमध्ये कमी मार्क? तरी डॉक्टर व्हा!' हा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

नीटचा निकाल लागल्यापासून हा मेसेज जळगाव, चोपडा, अमळनेर, शिरपूर, शहादा, जिकडे बघावं तिकडच्या ग्रुपवर फिरतोय. मी इतके दिवस गप्प होतो, दरवर्षीचं आहे म्हणून. पण परवा ताईचा फोन आला की दाजींनी वावराला गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली, केळीचं दीड एकर, तापीकाठचं, पाणी असलेलं. कशासाठी, तर भाचीला नीटमध्ये 281 पडलेत आणि या मेसेजवाल्याने सांगितलंय की एवढ्यात परदेशात एमबीबीएस होतं. मी ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवतो, दर जूनला हेच बघतो, म्हणून आता एकदाचं लिहूनच टाकतो.

मेसेज थोडक्यात असा आहे: "नीटमध्ये 150 ते 350 मार्क? टेन्शन नको. परदेशात एमबीबीएस फक्त 20 लाखात, डोनेशन नाही. एनएमसी मान्यताप्राप्त युनिव्हर्सिटी. पूर्ण इंग्लिश मीडियम, इंडियन मेस. परत आल्यावर एफएमजीई सोपी, कोचिंग फ्री, आणि नेक्स्ट आली की इथला डॉक्टर आणि तिथला डॉक्टर सारखाच. शेवटच्या काही सीटा, महिनाअखेर बुकिंग बंद."

मेसचं सोडा, भात-वरण कुठेही मिळतं, त्यावर कोणी सहा वर्षांचा निर्णय घेत नाही.

"एनएमसी मान्यताप्राप्त" हे सगळ्यात खोटं, आणि सगळे लोक नेमके यालाच भुलतात. एनएमसी, म्हणजे देशातलं मेडिकल शिक्षण बघणारा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, परदेशातल्या कॉलेजांना मान्यता देत नाही, तशी मान्य कॉलेजांची कुठली यादीही काढत नाही. ती फक्त अटी सांगते, आणि कॉलेज अटीत बसतं का नाही ते बघायची जबाबदारी पोरांवर आणि आईबापावर टाकते. त्या अटी 18 नोव्हेंबर 2021 च्या नियमात लिहिल्यात, एनएमसीच्या साइटवर पडल्यात, कोणीही वाचाव्या. कोर्स कमीत कमी 54 महिन्यांचा पाहिजे. त्यावर 12 महिन्यांची इंटर्नशिप त्याच युनिव्हर्सिटीत पाहिजे. शिकवण्याची भाषा इंग्रजी पाहिजे. आणि जी अट एजंट कधीच तोंडातून काढत नाहीत ती ही, की त्या देशाच्या स्वतःच्या नागरिकाला डिग्रीनंतर डॉक्टरकीचं जे लायसन मिळतं त्याच्या बरोबरीचं लायसन आपल्या पोरालाही तिथे मिळायला पाहिजे. म्हणजे तिथे "फॉरेनरची वेगळी बॅच, वेगळी डिग्री" असेल तर इथे त्या कागदाचा उपयोग नाही. यातली एक अट जरी हुकली तरी पोरगं परत येऊन एफएमजीईला, म्हणजे परदेशात शिकून आलेल्यांना इथे डॉक्टरकीसाठी द्यावी लागणाऱ्या परीक्षेलाच, बसू शकत नाही, पास-नापास तर लांब राहिलं.

दाजींना एजंटने जी पावती दिलीय ती मी हातात घेऊन बघितली. त्यावर युनिव्हर्सिटीचं नाव दोन ठिकाणी दोन वेगळ्या स्पेलिंगने आहे, कोर्सचे महिने कुठेच नाहीत, इंटर्नशिप कुठे करायची ते नाही, लायसनचा तर शब्दच नाही. खाली बारीक अक्षरात मात्र छापलंय की बुकिंगची रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही. तो कागद अगदी व्यवस्थित छापलाय भो, एजंटला ज्याची गरज होती तेवढं सगळं त्यात आहे!

आता "एफएमजीई सोपी". हे वाचून माझं डोकं फिरलं. ही परीक्षा एनबीईएमएस हे केंद्राचं परीक्षा मंडळ घेतं, वर्षातून दोनदा, 300 प्रश्न, 150 ला पास, निगेटिव्ह मार्किंग पण नाही. ऐकायला सोपीच वाटते. आणि निकाल? जून 2023 ला साधारण दहातला एक पास झाला. जून 2024 ला पाचातला एक. डिसेंबर 2024 ला बरा लागला म्हणतात, तो पण शंभरात 30 च्या आत. म्हणजे सहा वर्ष शिकून, घरचं सगळं ओतून परत आलेल्या पोरांपैकी बहुतेक पोरं त्या खेपेला नापास होतात, मग दिल्लीत खोली करून कोचिंग लावतात, परत बसतात, परत बसतात, आणि इकडे आईबाप गावात सांगतात की पोरगा "डॉक्टरच आहे, फक्त एक परीक्षा बाकी आहे".

एनबीईएमएसने कॉलेजवार निकालाचे पीडीएफ पण काढलेत, कॉलेजचं नाव, किती बसले, किती पास. माझं एवढंच म्हणणं आहे की ज्याला पैसे भरायचेत त्याने आधी ते पीडीएफ उघडावं आणि आपल्या कॉलेजच्या ओळीवर बोट ठेवावं. मी भाचीला शेजारी बसवून तिलाच ती ओळ शोधायला लावली. बसलेल्यांचा आकडा तिने मोठ्याने वाचला, पासचा वाचताना आवाजच गेला तिचा. मला वाईट वाटलं पण हे आत्ता कळलेलं बरं. ही एक गोष्ट केली तरी बाकी सगळ्या ब्रोशरचा निकाल लागतो, आणि याला फक्त मोबाईलचा डेटा लागतो.

आणि कारण काय तर पोरं ढ असतात असं नाहीये. ज्या पोराला बारावीचं फिजिक्स-केमिस्ट्री जड गेलं त्याला तिथे जाऊन एमबीबीएसचे 19 विषय बऱ्यापैकी स्वतःच्या बळावर करायचे असतात. "पूर्ण इंग्लिश मीडियम" वर्गात असेलही, पण तिसऱ्या वर्षापासून वॉर्डात जायचं असतं आणि तिथला पेशंट रशियन, किर्गिझ नाहीतर उझबेक बोलतो. पोट कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, हे पेशंटला विचारताच आलं नाही तर पोरगं कोपऱ्यात उभं राहून काय शिकणार? आपल्या धुळ्याच्या नाहीतर जळगावच्या सिव्हिलला शिकणारं पोरगं दिवसभर अहिराणी ऐकत पेशंट तपासतं, फरक तिथेच पडतो. नीटचे कमी मार्क परदेशात गेल्याने पुसले जात नाहीत, ती परीक्षा फक्त सहा वर्ष पुढे ढकलली जाते आणि मधे जमीन गेलेली असते.

"नेक्स्ट आली की सगळे सारखे" म्हणे. नेक्स्ट, म्हणजे इथल्या आणि परदेशातल्या सगळ्या एमबीबीएसवाल्यांना एकच शेवटची परीक्षा, ती 2019 च्या एनएमसी कायद्यात आहे, 2023 मध्ये येता येता पुढे ढकलली गेली, अजून सुरू झालेली नाही. आणि आली तरी एम्सच्या पोरासोबत एकच पेपर द्यायचा, यात आपल्या पोराचं सोपं काय झालं? काही एजंट तर तोंडी सांगतात की परीक्षा नाही निघाली तरी खेड्यात दवाखाना टाकता येतो. हा गुन्हा आहे, सरळ. रजिस्ट्रेशन नसताना प्रॅक्टिस केली तर एनएमसीच्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद नाहीतर पाच लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि परीक्षा निघाली तरी इथे वर्षभराची इंटर्नशिप बाकी राहतेच, तिच्यासाठी कॉलेजात जागा मोजक्या, म्हणून तिथे पण वाट बघा.

"20 लाखात": फी डॉलरमध्ये असते. 2021 ला डॉलर 73-75 रुपयांना होता, 2025 ला 85 च्या वर गेला. वरून व्हिसा, विमान, इन्शुरन्स, आजारपण, आणि परत आल्यावरचं कोचिंग, ते "फ्री" वालं नाही, खरं. बँक साडेसात लाखाच्या वरच्या लोनला तारण मागते आणि शेतजमीन तारण म्हणून सहसा घेत नाही, म्हणून मग जमीन विकायचीच वेळ येते. एजंटला हे माहीत असतं. म्हणूनच तो पहिल्या भेटीत मार्क नंतर विचारतो आणि वावर किती ते आधी विचारतो.

"महिनाअखेर बुकिंग बंद" तर धडधडीत दबाव आहे. परदेशात जायला नीटचा निकाल तीन वर्ष चालतो. भाचीचे 281 पुढच्या वर्षी पण 281 च राहणार आहेत, ती आत्ताच गेली पाहिजे असं काहीही नाही. शिवाय नीटला वयाची वरची मर्यादा 2022 पासून नाही, एक वर्ष मन लावून तयारी करून परत बसता येतं.

आता मेसेजमधलं खरं ते पण सांगतो, नाहीतर म्हणाल सर एकांगी लिहितात. 2025 ला 22 लाखाच्या वर पोरं बसली, 12 लाखाच्या वर क्वालिफाय झाली आणि देशात एमबीबीएसच्या सीटा सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या खाजगीच्या फिया ऐकून माणूस खाली बसतो. हे खरंय, आणि याच खऱ्या दुखण्यावर हे लोक धंदा करतात. माझाच एक विद्यार्थी रशियातून शिकून आला, पहिल्या झटक्यात एफएमजीई काढली, आता चांगलं काम करतोय. पण तो पहिल्या वर्षापासून भारतीय लेखकांची पुस्तकं सोबत घेऊन गेला होता, रोज इथल्या सिलॅबसने अभ्यास करायचा, आणि त्याच्या घरी फी भरायला जमीन विकावी लागली नव्हती. असं पोरगं असेल, कॉलेज अटीत बसत असेल, पैसा हाताशी असेल तर जाऊ द्या की, माझी ना नाही. आणि 2022 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये युद्धामुळे युक्रेनमधून अठरा हजाराच्या वर पोरं परत आणावी लागली तेव्हा त्यांच्या वर्षांचं काय हाल झालं तेवढं डोक्यात ठेवून जाऊ द्या. अर्ध्या वाटेवरून इथल्या कॉलेजात घुसता येत नाही, नियमच तसा आहे.

दाजी, तुमच्यासाठी सरळ सांगतो. क्वालिफाय होणं आणि सीट मिळणं वेगळं. ओबीसीला 2025 ला 113 ला क्वालिफाय होतं, म्हणून 281 वर कायद्याने परदेशात जाता येतं, बाकी त्या आकड्याचा अर्थ काही नाही. पोरीला डॉक्टरच व्हायचं असेल तर एक वर्ष रिपीट करू द्या. नाहीतर राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीतून, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओ भरा, कुठे लागतं ते बघू. आणि 2024-25 पासून आठ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी मुलींची कॅपमधून मिळालेल्या प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी शासन पूर्ण भरतं, खाजगी कॉलेजला पण, फक्त मॅनेजमेंट कोट्याला आणि खाजगी अभिमत विद्यापीठाला नाही. हे त्या एजंटने तुम्हाला एकदा तरी सांगितलं का?

उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रीमिलेयर तहसीलमधून या आठवड्यातच काढून घ्या, नंतर गर्दी होते. फॉर्म मी स्वतः बसून भरून देतो. एजंटला फोन करून कोर्सचे महिने, इंटर्नशिपची जागा आणि लायसनची अट युनिव्हर्सिटीच्या लेटरहेडवर मागा, तोंडी काही ऐकू नका. आणि ते येईपर्यंत वावराच्या गिऱ्हाईकाला नाही म्हणून कळवा.