झाडाला चादर

नर्सरीवाला म्हणाला होता, "घेऊन जावा सर, बिनकटकटीचं झाड हाय." तेव्हा कलांचोवर शेंदरी फुलांचे गुच्छ होते. महिनाभरात ते वाळले, आणि पुढे वर्षभर खिडकीत नुसता पाला.

मरत मात्र नाही. पानफुटीच्या भावकीतलं. सोलापूरच्या मे महिन्यात आम्ही माना टाकल्या, त्यानं नाही. नळाला चार दिवसांआड पाणी आलं तरी त्याची तक्रार नसते; आम्ही पिंपात साठवतो, ते पानांत साठवतं. पण फूल? नाव नको!

शेणखत झालं, कांद्याच्या सालांचं पाणी झालं. मग कारण कळलं. कळ्या धरायला याला निदान सहा आठवडे, रोज चौदा तास सलग मिट्ट काळोख लागतो. आणि आमच्या खिडकीसमोरच रस्त्यावरचा दिवा. गल्लीत एवढा एकच नेमानं लागतो.

दसरा झाल्यावर संध्याकाळी सहा ते सकाळी आठ कुंडीवर पांघरूण घालायला लागलो. आधी टॉवेल टाकला, त्यातून उजेड झिरपला. म्हणून अहेरातली जाड सोलापुरी चादर काढली, चार पदरी घडी घालून. कुंडीभोवती काड्या रोवल्या, पानं चेपू नयेत म्हणून.

"झाडाला चादर, आणि पाहुण्यांना?" बायकोनं विचारलं. उत्तर भाऊबीजेला मिळालं. रात्री मेहुण्याला गार लागलं, त्यानं खिडकीतली चादर ओढून घेतली. तो अंधारात घोरत होता, झाड उजेडात टक्क जागं. मी मोजणी पुन्हा एकपासून सुरू केली.

हुरड्याचं बोलावणं आलं. "सहाला घरी पोचायचंय, झोपवायचंय," म्हटलं, तर मित्र म्हणाला, "नातू आलाय काय बे?"

डिसेंबर संपता संपता समोरचा दिवाच गेला. मी चादर घडी करून ठेवली आणि कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. चौथ्या दिवशी शेजारच्या आक्का अर्ज घेऊन दारात.

"सर, सही करा की. अंधारात पोरं पडतील ओ."

मी खिडकीकडं पाहिलं. शेंड्याला मोहरीएवढे हिरवे मणी दिसत होते.

"संक्रांतीची गड्ड्याची जत्रा होऊ द्या की आक्का," मी म्हटलं. "तोवर माझी बॅटरी नेता का?"